मधला आवाज

कुताइसी, दुपारचे तीन. त्सियालाबाईंनी
लॅपटॉप काउंटरवर आदळला, हेडफोन माझ्या कानाला लावला.
"आम्ही तिघी गातोय. मधली एतेरी.
तीच गेली बघ."

खरंच. डावीकडे एक, उजवीकडे एक,
मध्ये विहिरीच्या तळाशी
कुणी घसा खाकरावा, तेवढंच.

ड्रायव्हर काढला, परत घातला.
बंद केला, चालू केला;
आमच्या धंद्यातला हा अंगारा.
आवाजाची पट्टी शंभरावर. डावं-उजवं समान.
कुठल्या जुन्या ब्लूटूथ स्पीकरकडे
वाट चुकून जातोय का, तेही पाहिलं.
एतेरी नाही.

बाई स्टुलावर बसल्या. "हिवाळ्यात भांडण झालं,
आलुबुखारच्या झाडावरून. कुंपण तिचं, फांदी माझी."
म्हटलं, बाई, यंत्राला ते कसं कळणार?
"यंत्राला नाही," त्या म्हणाल्या. पुढे काही नाही.

मग टॉर्च घेतला. पिन अर्धीच आत.
भोकात थैलीतल्या लोकरीचा बोळा
आणि सूर्यफुलाच्या बीचं टरफल.
दातकोरणीने कोरून काढलं, पिन दाबली.
टक्.

अर्धी बसली पिन, की दोन्ही कानांना
जे सारखं, तेच एकमेकांना खाऊन टाकतं.
उरतो नुसता फरक.
हे मी त्यांना समजावत होतो,
पण त्यांनी हेडफोन कधीच ओढून घेतला होता.

भुवई चढली. "अजून तशीच.
अर्धा सूर वर."
आणि त्यांनी आवाज
आणखी दोन घरं वाढवला.