सातवं पान

मल्लय्या बोद्दुल पहिल्यांदा आले तेव्हा
कन्ना चौकातला माझा लोखंडी जिना चढून दमले होते.
घडीची चादर त्यांनी थेट कीबोर्डवरच ठेवली.
पडद्यावर आपोआप चार ओळी ‘ककककक’ उमटल्या.
म्हणाले, "ही शोध बघू."

शोधली.
पहिल्या पानावर कुठल्या तरी लांबच्या गावचं पॉलिस्टर,
कपाळावर सोलापूरचं नाव लावून बसलेलं.
दुसऱ्यावर एक लॉज.
मग भाव, बातम्या, पुन्हा भाव.
नातवानं दिवाळीच्या सुट्टीत बनवलेली त्यांची साइट
सातव्या पानावर,
गणपतीच्या फोटोसकट.

"सातव्या पानावर कोण येतंय?"
"कुणीच नाही, तात्या."
"म्हणजे दुकान लावलंय आणि गल्लीच नाही."

मी समजावत गेले.
शीर्षक असं हवं, वर्णन एवढंच हवं,
फोटोचं नाव नुसता आकडा नको,
कारण तो आंधळा आहे, तात्या,
वाचल्याशिवाय त्याला काही दिसत नाही.
ते चादरीवरून अंगठा फिरवत राहिले.
"आंधळा असला तर बरंय.
आंधळ्याला हात लावू दिला की फसवता येत नाही."
हात लावता येत नाही, हे मी सांगितलं नाही.

शब्द गोळा करायला तीन संध्याकाळी गेल्या.
चादर. चद्दर. सोलापूर आणि शोलापूर,
कारण जुन्या गिऱ्हाइकाच्या जिभेवरून
तो ‘श’ अजून उतरलेला नाही.
"आमच्यात दुप्पटी म्हणतात, ते घाल.
अक्कलकोटकडचे होदिके म्हणतात, ते पण."
घरी आई सुपात पानं कापत विचारायची,
आज किती झाले?
तिचं हजाराच्या हिशेबात चालतं.
मी म्हणायचे, एकोणीस शब्द.
ती काही बोलायची नाही, दोरा दातानं तोडायची.

महिन्यानं आकडे आले.
तीनशे बारा वेळा दिसली, नऊ वेळा उघडली,
विक्री शून्य.
आणि यादीच्या तळाशी, ओमानमधून,
कुणीतरी लिहिलेलं, एका दमात, स्वल्पविराम नसलेलं:
आईची मोराची चादर जुनी आहे धुताना रंग जातो काय करू

"हे आपलं गिऱ्हाईक नाही, तात्या.
हिला नवी नकोय."

खाली कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, होत नव्हती.
ते खुर्ची पुढे ओढून बसले.
"लिही.
गार पाणी. मूठभर मीठ. एकटीच भिजव, पांढऱ्यात नको.
पिळायची नाही, मोराची मान मोडते.
सावलीत घाल."
उलटी बाजू वर करून का, मी विचारलं.
तेव्हा पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले.
"उलटी? सोलापुरीला उलटी बाजू असते होय गं?
ह्या अंगाला मोर लाल, त्या अंगाला पांढरा.
दोन्ही सुलट."

शीर्षक मी बदललं नाही.
तिचेच शब्द ठेवले, स्वल्पविरामाशिवाय.

गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे उतरले तोवर
ते पान वर सरकत सरकत
चौथं झालं, दुसरं झालं,
आणि एका मंगळवारी सगळ्यांच्या वर.
लोक येतात. शेवटपर्यंत वाचतात.
जातात.
चादर कुणी घेत नाही.
जुनीच नीट धुतात, आणखी दहा वर्षं पांघरतात.

हे सांगायला मीच त्यांच्या कारखान्यावर गेले,
कारण राहिलेले पैसे मागायची लाज वाटत होती.
बारा मागांच्या आवाजात दोनदा ओरडून सांगावं लागलं.
"माझ्याच तोंडानं माझा धंदा बुडवला की मी,"
असं म्हणाले, आणि कोपरीच्या खिशातून
नोटा काढून, थुंकी लावून, मोजून दिल्या.
मग हात करून एक माग थांबवायला लावला.

"आता डागांचं लिही.
चहाचा, हळदीचा, पोरांच्या शाईचा.
आणि शेंगाचटणीचा तेलकट डाग
जात नाही म्हणावं.
तेही खरंखरं लिही."