एक मिलिमीटर तांबं

गुणवंत हेडाऊ बर्फ वाहतो.
तीनचाकी, पेट्रोलची, मागे गोणपाट आणि लाकडाचा भुसा,
ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या कारखान्यातून
पाचपावलीचा पूल चढून गोळीबार चौक, इतवारी, गांधीबाग.
चौदा लाद्या भरतो.
शेवटच्या दुकानापर्यंत तेरा उरतात, कधी साडेबारा.
बाकीचं रस्ता पिऊन घेतो.

म्हणून त्याला घाई.
म्हणून कुण्या पोट्ट्यानं सांगितलं, हेड घासून टाक भाऊ,
कंप्रेशन वाढव, मंग पाह्य गाडी.
पळाली ना. फेब्रुवारीभर पळाली.
मग लागला नवतपा.

पुलाच्या चढावर, तिसऱ्या गिअरात,
कोणी डब्यात फुटाणे हलवावेत
तसा आवाज.
"टॅपिट असन," तो स्वतःलाच म्हणाला,
आणि आठ दिवस तसाच चालवत राहिला.
नवव्या दिवशी ढकलत आणली.

आता पिस्टन माझ्या हातात आहे,
माथ्यावर खड्डे, काठाला ओघळलेला.
बर्फवाल्याचं ॲल्युमिनियम वितळलं
हे त्याला सांगायला जीभ रेटेना.

हेड उलटं ठेवलं, वर काच,
काचेच्या भोकातून सिरिंज, मेडिकलमधली, वीस एमएलची.
अनमोल दातात जीभ धरून मोजतो.
गास्केटची जागा धरून बावीस.
बावीस म्हणजे दहाच्या वर.
या उन्हात. या वजनाला.

"पिस्टन नवा टाका, बाकी राहू द्या जसं हाय तसं," हेडाऊ म्हणतो.
"वेग नाही तं मी काय विकू, पाणी?"

मला त्याचं पटतं, हीच अडचण आहे.
दाब वाढला की तेवढ्याच पेट्रोलात जास्त काम निघतं,
त्याच्या वहीत लिहिलेलं आहे, दिवसाला तीस रुपये.
पण दाबलेली हवा तापते,
आणि फार तापली की ठिणगीची वाट पाहत नाही.
पिस्टन अजून वर येत असतो,
आणि वरून हातोडा.
माझ्या थोरल्याला एका वर्षी मी तीन शिकवण्या लावल्या होत्या.
जाऊ द्या, त्याचा इथे काय संबंध.

साडेआठवर आणलं तर इंजिनाला काही होणार नाही.
पण पुलावर दुसरा गिअर, मागे हॉर्न,
आणि लादीमागे पावभर पाणी जास्त.
दहावर ठेवलं तर जून दिसणार नाही.
दोन्हींच्या मधे साडेचार मिलिलिटर.
खोकल्याच्या औषधाचा चमचाही भरत नाही.

तांब्याचा पत्रा घेतला, जुन्या गास्केटहून एक मिलिमीटर जाड.
भट्टीवर लाल केला, पाण्यात सोडला.
पोलाद असं केलं की कडक होतं,
तांबं नरम पडतं.
कापलं, भोकं पाडली, कानशीने कड मारली.
बावीस आणि तीन.

"नऊ," मी म्हटलं.
"साडेनऊ करा ना."
"नऊ. टायमिंग थोडं मागे घेतो. आणि तू पहाटे चारला निघ,
ऊन चढायच्या आत."
"चारले कारखाना उघडत नाही."
मग मला पुढे काही सुचलं नाही.

दुपारी दोनला, मुद्दाम दोनला,
पूल चढलो. मी मागे भुशात बसलो होतो,
दोन लाद्यांच्या मधे, कान इंजिनाकडे.
तिसरा गिअर.
फुटाणे नाहीत.
अर्धा पूल. नाहीत.
अगदी माथ्यावर एकदा, एकदाच,
खट्ट.

हेडाऊनं वळून पाहिलं.
मी रेल्वेच्या रुळांकडे पाहत होतो.
खडा असेल चाकाखाली.
गार पाणी पँटमधून आत शिरत होतं,
उतार लागला तसं
ते त्याच्याकडे वाहत गेलं.