तिलसवीर

उकिरड्याचेही दिवस पालटतात म्हणे, बारा वर्षांनी.
इथल्या उकिरड्याला बाराशे लागली.

आधी समुद्र दिवसातून दोनदा घरात यायचा,
न विचारता, पाय न पुसता.
मग कुणी शेण टाकलं, शेणावर राख,
फुटकं मडकं, मेलेलं वासरू, चिखल, पुन्हा शेण,
आणि त्यावर चूल मांडली.
नातवानं ती चूल हातभर वर नेली.
त्याच्या नातवानं आणखी हातभर.
असा हा डोंगर. सहा मीटर.
फ्रिसलंडच्या सपाटीत एवढ्याला डोंगरच म्हणतात.

वर चर्च.
मनोऱ्याचं छप्पर खोगिरासारखं,
घोडा तेवढा कधीच निघून गेलेला.

मग बांध झाला, समुद्र बाहेर राहिला,
आणि कुणाच्या तरी लक्षात आलं
की आपण खतावर राहतो.
एकोणीसशे सहा साली डोंगर विकायला काढला,
बोटीच्या हिशोबानं, ड्रेन्थच्या रेताड माळासाठी.
हेसल खणायला होता. त्याला हाडाचा कंगवा सापडला,
तीन दात पडलेले.
बायकोनं तो धुतला, केसांत खोवला
आणि रविवारी चर्चला गेली.

खणत खणत दफनभूमीच्या भिंतीशी आले तेव्हा
पाद्री म्हणाला, इथून पुढे बोटीमागे चार सेंट जास्त घ्या,
यात माणसं आहेत.
काम थांबलं.
पापाच्या भीतीनं की भाव न पटल्यानं,
नोंदवहीत लिहिलेलं नाही.

तेव्हापासून गाव अर्धं.
दक्षिणेला उतार, उत्तरेला सरळ कडा,
कापलेल्या पावासारखा:
काळा थर, राखाडी थर, शिंपल्यांची एक पांढरी रेघ.
उरलेलं गाव तिकडे, परक्या शेतांत, बटाट्यांत.

आता अठ्ठावन्न माणसं.
बस मंगळवारी, तीही फोन केला तर.
शाळा सात पोरांवर बंद पडली;
फळा ग्याल्टच्या गोठ्यात आहे,
त्यावर गाई विण्याच्या तारखा.
चर्चची चावी फूक्येकडे.
दार वाजवू नका, तिला ऐकू येत नाही.
खिडकीसमोर उभे राहा. तिचं विणकाम संपलं की उठेल.

इथे कौतुकाला एकच वाक्य आहे:
याहून वाईट होऊ शकलं असतं.
पोराच्या लग्नात तेच, कालवडीला बक्षीस मिळालं तरी तेच.
ग्याल्टनं इम्क्येला मागणी घातली
तेव्हा तिनं म्हणे हेच उत्तर दिलं होतं,
आणि तो सायकल ढकलत, शीळ घालत घरी गेला.

इम्क्ये फेब्रुवारीत गेली.
आमच्यात शवपेटी चर्चभोवती तीनदा फिरवतात.
का, ते कुणाला ठाऊक नाही; दोनदा फिरवून कुणी पाहिलेलं नाही.
उत्तरेला भिंत आणि कडा यांच्यामध्ये
एका माणसापुरती वाट.
तिथे खांदेकरी आडवे होतात, खेकड्यासारखे,
आणि बाहेरच्या बाजूचे तिघं
टाच जमिनीवर, चवडा हवेत असे सरकतात.
वारा समुद्राकडून.
घंटासुद्धा तेवढा वेळ थांबवतात.

मी बाहेरच्यांत मधला होतो.
खाली हेसलच्या फावड्याच्या खुणा,
वर इम्क्ये, वाटली होती त्याहून हलकी.
दुसऱ्या फेरीला ग्याल्ट मागून पुटपुटला,
सावकाश, तिला घाई आवडायची नाही.

वाट रुंद करायचा ठराव
दर वर्षी सभेत येतो.
दर वर्षी कॉफी येईपर्यंत चर्चा चालते.