चारशे बारा

रोज दोन वाजता खाणीत सुरुंग उडतो.
फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागतात,
पाल जागा बदलते,
आणि कोणी मान वर करत नाही.
आमच्याकडं हलणं हे घड्याळ आहे.
हललं, की अंगणवाडीला कुलूप.

तहसीलचा पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र.
म्हणाला, जमीन हलली की टेबलाखाली शिरा,
डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा.
लटारी कोतवाल म्हणाला,
"कोनाच्या टेबलाखाली, साहेब?"

मग आम्ही टेबलं मोजली.
शाळेत तीन. ग्रामपंचायतीत एक,
त्याचा चौथा पाय म्हणजे दोन विटा.
शिंप्याची मशीन धरली तर पाच.
माणसं चारशे बारा.
पोरगा बराच वेळ वहीत पाहत राहिला.
मग म्हणाला, बरं, मोकळ्यात या.

मोकळं कुठं?
बाजाराच्या ओट्यावरून तारा गेलेल्या,
शाळेपुढं गळकी टाकी, तिच्या खांबातली सळई दिसते.
शेवटी बोबड्यांचं जुनं खळं ठरलं,
तिथं आता फक्त कुत्री झोपायची.
रुळाचा एक तुकडा लटारीनं निंबाला टांगला.
तो कोळशाच्या सायडिंगवरून कसा आला
हे कोणी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला बाया हसत आल्या, पिठाचे हात तसेच.
चिंधूबाई अर्ध्यातून परत फिरली, चुलीवर दूध होतं.
पोरांनी तिला मेली म्हणून जाहीर केलं.
तिनं आधी दूध उतरवलं, मग पोरांचा उद्धार केला.

दुसऱ्या खेपेला भांडण:
वासुदेव उरकुडेला उचलणार कोण?
अर्धं अंग गेलेलं, वजन पूर्ण.
"मले राहू द्या बापा, मी बाजेखाली सरकतो."
तो बाजेखाली मावला नाही.
मग चार नावं ठरली, पाचवं राखीव.

पिंपळशेंड्यांच्या म्हाताऱ्याला
एका ओढीत सुटणारी दाव्याची गाठ येत होती.
घरोघरच्या गोठ्यात जाऊन त्यानं ती शिकवली.
इतकी वर्षं त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

मोजायचं काम माझं.
कोण पोटुशी, कोण खाटेवर, कोण पुण्याला कंपनीत,
सगळं माझ्या रजिस्टरात.
तिसऱ्या खेपेला चारशे बारा भरले.
सात मिनिटं.

मग हिवाळ्यातली ती रात्र. दोनच वाजले होते,
पण रात्री सुरुंग नसतो.
वाट्या वाजल्या.
अर्धवट झोपेत मी उशाशी कुलूप शोधलं,
आणि बाहेर रूळ वाजायला लागला.

खळ्यावर दव. घोंगड्या, लेकरं, सुटलेली वासरं.
उरकुडे बाजेसकट आला, बाजेवरून हुकूम देत.
बॅटरीच्या उजेडात मी मोजलं.
चारशे तेरा.
परत मोजलं, बोट लावून.
चारशे तेरा.
कमी भरले तर काय करायचं ते आम्हाला पाठ होतं.
जास्तीचं कोणी शिकवलं नव्हतं.

दुर्गेबाईच्या मागं, तिच्याच शालीत, आणखी एक डोकं.
सुकेशनी.
वैशाखात हिंगणघाटला दिलेली.
शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरून
ती वावरावावरातून आली असणार, दिवे गेल्यावर.
मायनं दार लावून घेतलं असणार.
बॅटरी तिच्या गालावर गेली.
मी ती खाली घेतली, रजिस्टरवर.

"कोन हाय व जास्तीचं?" लटारीनं विचारलं.
"जास्तीचं कोणी नाही," मी म्हणाले,
"माझीच मोजणी आधी चुकली होती."
आणि बारा खोडून तेरा केले, सगळ्यांसमोर,
शाईच्या पेनानं.

शाळेच्या भिंतीला वीतभर भेग, एवढंच निघालं.

पुढच्या सरावाला राखीव नाव कामी आलं,
ठरलेल्यांतला एक जण लग्नाला गेला होता.
बाजेचा मागचा डावा पाय सुकेशनीच्या खांद्यावर,
आणि ती पळत सुटलेली.
उरकुडे दोन्ही हातांनी, म्हणजे एकाच हातानं, बाज धरून ओरडत होता,
"हळू व पोरी, हळू!
आज कोठं भूकंप हाय?"