दावा क्रमांक एक

एक पद्धत, जिच्यात
सदर साठ्यातली सदर नोंद मागितली जाताच
सदर यादीच्या अग्रभागी आणली जाते;
आणि जी नोंद विसरून
मागणारा पुन्हा परत येतो,
ती यापुढे तिच्या शेजारी ठेवली जाते.

अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर, मी हे इंग्रजीत लिहिते.
पोट त्यावर चालतं.
तिथं प्रत्येक नामाआधी एक 'सेड' लावावा लागतो,
आणि तो लावताना मला ऐकू येतं
जुन्या खरेदीखतांतलं सदरहू:
सदरहू विहीर, सदरहू आंबा,
सदरहू भिंतीचा उत्तरेकडचा अर्धा भाग.
मी मोजते ती जागा कुठंच नसते,
तरी तिला चतुःसीमा लागतात.

कायदा म्हणतो, नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही.
नुसत्या.
म्हणून आम्ही त्याला काहीतरी लावून देतो,
एखादा प्रोसेसर, एखादी मेमरी,
नुसता भात वाढू नये म्हणून
ताटात लिंबाची फोड ठेवतात तशी.

केयूरभाई म्हणाले, शोध घे,
याआधी जगात कुणी हे केलंय का.
सात डेटाबेस, एकशे बारा निकाल.
जपानीतले यंत्रानं भाषांतर केलेले;
एका ठिकाणी नोंदी
'रांगेत लाजून उभ्या' होत्या.
बाकी काही नाही.

दांडिया बाजारात फणसेकाकांचं दुकान,
रुंदीला दोन माणसं.
मिक्सरची पाती, गिझरची कॉइल, स्टोव्हच्या पिना,
चारशेएक पत्र्याचे डबे, एकावरही नाव नाही.
मी कुकरची शिट्टी मागितली.
हात न बघता गेला, शिट्टी आली,
पण डबा जागेवर परत गेला नाही.
तो पुढं ठेवला. त्याला टेकून दुसरा.

"हा कशाला?"
"गास्केट. शिट्टी नेणारा दोन दिवसांनी यासाठी येतो.
परत येतो ते शेजारी ठेवायचं."

मी तशीच उभी.
मुठीत शिट्टी, डोक्यात दावा क्रमांक एक,
अर्धविरामासकट.

"कधीपासून असं ठेवता, काका?"
"विश्वामित्रीचं पाणी आत आलं त्या वर्षापासून.
डबे तरंगले, नंबर धुऊन गेले.
पुन्हा कोण लावत बसणार?
म्हटलं, गिऱ्हाईकच लावून देईल."
"साल?"
"मगर पानवाल्याच्या ओट्यावर चढली होती, ते."
"कुठं लिहून ठेवलंय?"
"लखलेलं काय नाही, बेन."
मग दारामागची भिंत दाखवली.
पाण्याची रेघ, मांडीइतकी वर,
चहाच्या रंगाची.

पुरावा.
या शब्दात पूर आहे
हे मला अकरा वर्षांत दिसलं नव्हतं.

रेघेचा फोटो केयूरभाईंनी मोठा करून पाहिला.
म्हणाले, रंग छान आहे. तारीख कुठाय?
पक्षकार कंपनी बेंगळुरूची, फी वेळेवर देते.
अहवालात मी लिहिलं: निरंक.
शब्द छोटा, टाइप करायला वेळ लागत नाही.
लागला.

पुढच्या महिन्यात चित्रं जोडली.
आकृती दोन: चौकोन, चौकोन, बाण, पुन्हा चौकोन.
चौकोन मी जरा उभट काढले,
झाकणाची एक बारीक रेघही दिली वरून.
कुणी हरकत घेतली नाही.

शिट्टी मी त्याच रात्री बसवली होती.
नीट बसली.
वाफ मात्र अजून कडेनं जातेय.