मापाचा

फेब्रुवारी. क्लीव्हलँड. सरोवरावरून आलेला बर्फ
पायपुसण्यावर झटकून व्हर्लीन प्रुइट आत आली
आणि भिंतीवरच्या चौदा बेस गिटारांकडे तिनं पाहिलं,
डेपोत उभ्या गाड्यांकडे पाहतात तसं:
कुठली निघेल, कुठली वाटेत दगा देईल.

एकतीस वर्षं बस चालवलेली बाई.
दर रविवारी चर्चमध्ये, कॉयरच्या मागे, बेस.
आता डावी करंगळी वळत नाही म्हणाली,
खांदा रात्रभर जागा राहतो आणि मलाही ठेवतो.
घरातला बेस दहा पौंडांचा, नवऱ्यानं घेतलेला.
"त्याच्या मापाचा होता तो. माझ्या नव्हताच कधी.
हे कळायला, तो गेल्यावर, दोन वर्षं लागली."

मी नेहमीचं सुरू केलं:
हे मेपल, हे अ‍ॅश, हा पाच तारांचा,
आणि हा, याला नुसता हात लावायलाही लोक येतात...
धावत्या गाडीला करतात तसा तिनं हात केला.
"नावं नकोत. खुर्ची दे. बिनहातांची."

बसली. पट्टा लावून उभी राहिली. पुन्हा बसली.
एकही सूर नाही.
प्रत्येकाला मांडीवर घ्यायची
आणि दोन्ही हात सोडून द्यायची.
एकाचं डोकं लगेच जमिनीकडे झुकलं,
शेवटच्या फेरीतल्या उतारूसारखं.
दुसरा बरगडीत टोचला.
तिसऱ्याची मान इतकी रुंद
की पहिल्या पट्टीपाशी तिची बोटं
कुंपणाला लटकलेल्या पोरांसारखी लोंबली.
नऊ झाले. कॉफीवर साय धरली.
सर्वांत महागडा तिनं सर्वांत हळू परत टांगला,
दुसऱ्याचं मूल परत द्यावं तसा.

याच बाकावर माझे वडील अकॉर्डियन दुरुस्त करायचे,
स्लोव्हेनियन लग्नांतून आलेले, घामानं कुजलेले भाते.
गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे हात पाहायचे, मग वाद्य.
मी दुकानाची पाटी बदलली
तेव्हा पाटीबरोबर तेही गेलं असणार.
उशीर झालाच होता. तरी म्हटलं,
"हात बघू?"

तळव्यावर स्टिअरिंगचे आडवे घट्टे.
बोटं आखूड, टोकं चपटी,
करंगळी मिटलेली, जणू आत काही धरून आहे.

बाकाखाली एक होता. तीस इंची, आखूड मानेचा,
शाळकरी पोरांसाठी बनवलेला,
बाकड्यासारखाच मळका तपकिरी,
चौथी खुंटी भलत्याच वाद्याची.
तारा गुळगुळीत, कारण त्याच पडून होत्या.
भिंतीवर लावायची मला लाज वाटायची.

तिनं मांडीवर घेतला. हात सोडले.
हलला नाही.
ठेवला तिथे, गुमान.

मग वरच्या शिंगावर हनुवटी टेकली,
ना वायर, ना अ‍ॅम्प,
आणि सर्वांत जाड तार एकदाच ओढली.
मला काही ऐकू आलं नाही.
तिच्या जबड्यातून काय आत गेलं ते तिलाच ठाऊक.
डोळे मिटलेले, आणि उजवा पाय,
ओल्या बुटासकट,
ब्रेक दाबावा तसा सावकाश खाली गेला.

बराच वेळ गेला.
"बेस कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "फ्रिजसारखं असतं ते.
बंद पडला की मग सगळं घर मान वर करतं."

एकशे ऐंशी सांगितले. एकशे चाळीसला सौदा मोडला नाही
एवढीच माझी कमाई.
खुंटी बदलून देतो म्हटलं,
तर तिनं ती अंगठ्यानं जरा फिरवून पाहिली.
"धरते की," म्हणाली, आणि खोळ मागितली.

दार लागलं. घंटी हलत राहिली.
भिंतीवर चौदाच्या चौदा जागच्या जागी.
शटर ओढण्याआधी मी माझा बेस काढला,
बावीस वर्षं वाजवलेला,
ज्याच्याबद्दल मी कुणालाही तासभर सांगू शकतो.
बिनहातांच्या खुर्चीत बसलो,
मांडीवर घेतला,
आणि दोन्ही हात सोडले.