आवर्तन

लोणीच्या पुढं, कॅनॉलच्या भरावावर
येळवंड्यांची परमिट रूम.
पाटीतलं 'पर' कधीच गेलंय,
रात्रभर नुसतं 'मिट' पेटत राहतं.

पाणी सुटलं की चिलापी,
नसलं की अंडाकरी.
मेनूकार्ड कुणी मागत नाही;
कठड्यावरून वाकून बघायचं
मग ऑर्डर.

कोपऱ्यात शिंगोटे पाटकरी,
रिटायर होऊन सहा वर्षं झालेले.
रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता थांबतात,
अंधाराकडं कान देतात.
"वरचं दार उचललं कुणीतरी."

वेटर हसतो. कॅनॉल ठणठणीत कोरडा,
तळाशी एक चप्पल, बाटल्या.

"हसू नको. ही अर्धी झाकून ठेव,
चिलापीसंगं खाईन."

अकराला येळवंडे शटर निम्मं ओढतात,
गल्ला मोजतात, दोनदा चुकतात,
आणि जाता जाता
कठड्यावरून
वाकून बघतात.